डोंगर राखणारे डॉक्टर गिब्सन

शहरालगतच्या टेकड्यांवर घरे बांधू द्यावीत की नाही, हा पुण्यातला जुना वाद आहे. १:५ पेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधकामास राज्यात मनाई आहे. उतार मोकळा झाला की माती वाहते आणि झरे आटतात. हा धोका पावणेदोनशे वर्षांपूर्वी ओळखणाऱ्यांपैकी एक होते डॉ. अलेक्झांडर गिब्सन.

गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमध्ये झाला. एडिंबरा येथे वैद्यक शिकून ते १८२५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले. दख्खन व खानदेशात देवीची लस टोचताना गावोगाव फिरले, इथल्या भाषा शिकले. १८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पती उद्यानाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांच्याच देखरेखीखाली जुन्नरजवळ हिवरे येथेही बाग उभी राहिली. या बागांतून खुरासानी ओव्यासारख्या वनस्पतींची औषधे सरकारी दवाखान्यांसाठी तयार होत.

त्याच सुमारास कोकणात जहाजांसाठी आणि जळणासाठी बेसुमार तोड सुरू होती. जंगल गेले तिथे ओढे आटले, नद्यांची मुखे गाळाने भरली, असे गिब्सन यांनी सरकारला कळवले. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले आणि तोडीवर निर्बंध आले.

या निर्बंधांना दुसरी बाजूही होती. सरकारला जहाजबांधणीसाठी सागवान हवे होते. डोंगरावर कुमरी म्हणजे फिरती शेती करणाऱ्या गरिबांवर मात्र बंधने आली. कुमरीने जंगल नासते, असे गिब्सन यांचे ठाम मत होते. त्या लोकांच्या पोटाचा प्रश्न मागेच राहिला.

१८६० मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी डाल्झेल यांच्यासह लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध झाला. १८६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

हिवरे ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात राजुरी आहे. इथली शेती तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत पडणाऱ्या पावसावर आणि तो साठवणाऱ्या धरणांवर चालते. त्या उतारांची माती सुटली तर ती धरणांतच साठणार. म्हणून वर डोंगरावर बांधकामाचा नियम सैल करताना खालच्या गावालाही विचारायला हवे, आणि नियम कडक करताना डोंगरावर राहणाऱ्यालाही.