भोंगा की माईक? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्ड्समध्ये दोन्ही ऐकायला मिळतात

गिटारवाल्यांचा एक वाद काही मिटत नाही. अ‍ॅम्पसमोर माईक लावून रेकॉर्डिंग करायचं, की अ‍ॅम्पच्या मागून वायर काढून थेट जोडून टाकायची? थेट घेतलं की आवाज स्वच्छ येतो, माईक लावला की खोलीची हवाही सोबत येते. इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली 1932 च्या सुमारास. पण थेट की माईक, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे, आणि मिरजेत विसावलेल्या एका गवयाच्या आवाजात तो अगदी स्पष्ट ऐकू येतो.

उस्ताद अब्दुल करीम खाँ. जन्म 1872, गाव उत्तर प्रदेशातलं कैराना. किराणा घराण्याचं नाव याच गावावरून पडलं. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायला लागले. तिथे सरदार माने यांच्या घरातल्या ताराबाईंशी सूर जुळले. मुसलमान गवई आणि सरदाराघरची मुलगी! दोघांनी बडोदा सोडलं आणि मुंबई गाठली.

1905 च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या पहिल्या रेकॉर्ड्स काढल्या. तेव्हा माईक नव्हताच, रेकॉर्डिंगमध्ये विजेचाही संबंध नव्हता. गायकाने मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या दाबाने भोंग्याच्या टोकाचा पातळ पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई हलायची आणि फिरत्या मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जायची. याहून थेट रेकॉर्डिंग कुठलं असणार? गायकाचा दमच सुई हलवत होता.

अडचणही तिथेच होती. सुई हलवायला जोर लागायचा, म्हणून भोंगा दणकट आवाजाच्या गायकांवर खूश. खाँसाहेबांचा आवाज बारीक, उंच, रेशमासारखा. शिवाय भोंग्याला साधारण 250 ते 2500 हर्ट्झ एवढाच पट्टा झेपायचा. तानपुऱ्याची झणकार त्याच्या बरीच वर असते, त्यामुळे ती जवळजवळ गायबच. ज्याचं सगळं गाणं तानपुऱ्यात सूर विरघळवण्याचं, त्याच्या रेकॉर्डमधून तानपुराच वजा!

आणि हा माणूस सुराच्या बाबतीत किती काटेकोर होता, हेही सांगायला हवं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स 22 श्रुतींचं गणित मांडत होते, त्या प्रयोगांना खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. सवाई गंधर्व हे त्यांचेच शिष्य. वाद्यं दुरुस्त करण्यातही त्यांचा हात चांगला होता. त्यांनी टिपू नावाच्या कुत्र्यालाही सुरात ओरडायला शिकवलं होतं. ग्रामोफोनच्या लेबलवरचा कुत्रा नुसता ऐकतो, हा गायचा.

1922 मध्ये मात्र ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचं नाव लावलं नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही ती मुलं. नाव गेलं, गळा मात्र गेला नाही.

इकडे 1925 मध्ये अमेरिकेत विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि काही वर्षांत ते भारतातही आलं. आता आवाज माईकमध्ये जायचा, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवायचा आणि मग वीज सुई हलवायची. जोर लावायचं काम यंत्राकडे गेलं. पट्टाही वाढून सुमारे 5000 हर्ट्झपर्यंत पोचला. म्हणजे मध्ये जास्त यंत्रं आली आणि आवाज मात्र जास्त खरा झाला.

1930 च्या दशकाच्या मध्यावर, साठी ओलांडलेले खाँसाहेब मुंबईच्या ओडियनसाठी माईकसमोर बसले. झिंझोटी आणि भैरवीतल्या ठुमऱ्या, बसंत, शिवाय त्यागराजांची कर्नाटक कृतीसुद्धा. रेकॉर्डच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळत, त्यामुळे ख्यालाचा फक्त अर्क उरायचा. पण हळू सोडलेला सूर, त्याची शेवटची थरथर, हे सगळं उतरलं. आज अब्दुल करीम खाँ म्हणून जो आवाज लोकांच्या कानात आहे, तो या माईकवरचा. भीमसेन जोशींना लहानपणी गाण्याचं वेड लागलं, त्यात खाँसाहेबांच्या रेकॉर्ड्सचा वाटा होता. झिंझोटीतली ती ठुमरी 1935 च्या ‘देवदास’ चित्रपटात सैगल यांनीही गायली.

ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीतच त्यांच्या छातीत कळ आली. सिंगपेरुमाल कोईल या छोट्या स्टेशनवर ते उतरले. प्लॅटफॉर्मवर बिछाना घातला गेला, तानपुरा लावला गेला आणि दरबारी रागात प्रार्थना गाता गाता त्यांनी प्राण सोडला, असं सांगतात. तिथे ना भोंगा होता, ना माईक. मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे संगीत सभा भरते.