मैदान दिले, खुर्ची नाकारली

फुटबॉल म्हटले की ब्राझील आणि ब्राझील म्हटले की पेले, हे समीकरण आपल्याकडे पाठ झालेले आहे. परंतु १९५८ साली ब्राझीलने पहिल्यांदा विश्वचषक जिंकला, तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू पेले ठरला नव्हता. तो मान मिळाला मधल्या फळीतल्या २९ वर्षांच्या एका काळ्या खेळाडूला. त्याचे नाव वाल्दिर परेरा. जग त्याला डिडी या नावाने ओळखते. खेळाडू म्हणून दोन विश्वचषक जिंकणारा आणि प्रशिक्षक म्हणून देशोदेशी नाव कमावणारा हा माणूस स्वतःच्या देशाच्या संघाचा प्रशिक्षक मात्र कधीच होऊ शकला नाही. असे का झाले, हा प्रश्न विचारल्याशिवाय डिडीचे चरित्र पूर्ण होत नाही.

डिडीचा जन्म ८ ऑक्टोबर १९२८ रोजी रिओ राज्यातील काम्पोस या गावी झाला. हा सारा परिसर उसाचा. तिथले मळे आणि साखरेचे कारखाने उभे राहिले ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामावर. ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने रद्द केली ती १३ मे १८८८ रोजी, संपूर्ण अमेरिका खंडात सर्वात शेवटी. म्हणजे डिडी जन्मला तेव्हा या कायद्याला जेमतेम ४० वर्षे झाली होती. कायदा बदलला, पण मने बदलली नव्हती आणि गरिबीही हटली नव्हती. किशोरवयात खेळताना झालेल्या दुखापतीने डिडीचा गुडघा चिघळला. पाय कापावा लागतो की काय, अशी वेळ आली. कित्येक महिने तो चाकाच्या खुर्चीला खिळून होता. त्याच पायांनी पुढे त्याने जग जिंकले.

ब्राझीलमध्ये फुटबॉल आला तो श्रीमंत गोऱ्यांचा खेळ म्हणून. रिओच्या वास्को द गामा क्लबने काळ्या आणि कामगार खेळाडूंना घेऊन १९२३ चे विजेतेपद पटकावले, तेव्हा बड्या क्लबांचे पित्त खवळले. पुढच्याच वर्षी त्यांनी वेगळी संघटना काढली आणि वास्कोला अट घातली की आपले बारा खेळाडू आधी काढून टाका. वास्कोने ही अट बाणेदारपणे धुडकावली. या बड्या क्लबांत फ्लुमिनेन्स आघाडीवर होता. १९१४ साली या क्लबच्या कार्लोस आल्बेर्तो या मिश्रवंशीय खेळाडूने रंग लपवण्यासाठी चेहऱ्याला पावडर फासली होती, असे सांगितले जाते. ‘तांदळाची पावडर’ हे टोपणनाव त्या क्लबला तेव्हापासून चिकटले ते चिकटलेच. १९४९ मध्ये डिडी याच फ्लुमिनेन्समध्ये दाखल झाला. त्याने चेहऱ्याला काही फासले नाही. तो ताठ मानेने चालला आणि ताठ मानेनेच खेळला. नेल्सन रोद्रिगेस या नामवंत लेखकाने त्याला इथिओपियाच्या राजपुत्राची उपमा दिली ती त्याच्या याच डौलामुळे. १६ जून १९५० रोजी नव्या माराकाना स्टेडियमवर पहिला गोल झाला, तोही डिडीच्याच पायातून.

बरोबर एक महिन्याने त्याच मैदानावर ब्राझील उरुग्वेकडून २-१ असा हरला आणि विश्वचषक हातचा गेला. पराभव साऱ्या संघाचा होता, पण खापर फुटले गोलरक्षक बार्बोसा, बिगोदे आणि जुव्हेनाल यांच्या डोक्यावर. तिघेही काळे. काळे खेळाडू मोक्याच्या क्षणी कच खातात, असा सिद्धांतच मांडला गेला. जिंकले तर श्रेय देशाचे आणि हरले तर दोष जातीचा किंवा रंगाचा! ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच सोसले आहे, त्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या सिद्धांताला डिडीने मैदानातच उत्तर दिले. एप्रिल १९५७ मध्ये पेरूविरुद्धच्या पात्रता सामन्यात त्याने मारलेली फ्री किक बचावपटूंच्या भिंतीवरून गेली आणि वाळके पान गळावे तशी एकाएकी खाली उतरून जाळ्यात शिरली. या फटक्याचे नावच ‘वाळके पान’ पडले. त्या एका गोलाने ब्राझीलला १९५८ च्या स्वीडनमधील स्पर्धेचे दार उघडून दिले. तिथल्या पहिल्या सामन्यात पेले नव्हता आणि गारिंचाही नव्हता. त्या संघात काळा म्हणावा असा खेळाडू जवळपास डिडी एकटाच होता.

२९ जून १९५८ रोजी अंतिम सामना झाला. चौथ्याच मिनिटाला स्वीडनने गोल केला. १९५० ची भुते पुन्हा जागी होणार, असे वाटले. डिडीने जाळ्यातला चेंडू उचलला, काखेत धरला आणि सहकाऱ्यांना धीर देत तो सावकाश मैदानाच्या मध्याकडे चालत गेला. धावला नाही, घाबरला नाही. ब्राझीलने तो सामना ५-२ असा जिंकला. काळा माणूस मोक्याच्या क्षणी कच खातो म्हणणाऱ्यांना त्या संथ चालीने कायमचे गप्प केले. पुढे रेआल माद्रिदने त्याला स्पेनला नेले. तिथे दि स्तेफानो हा अनभिषिक्त राजा होता. एका म्यानात दोन तलवारी राहिल्या नाहीत आणि वर्षभरातच डिडी परतला. १९६२ मध्ये चिलीत त्याने दुसरा विश्वचषक जिंकला.

खेळणे थांबल्यावर डिडीने शिकवणे सुरू केले. १९६८ मध्ये त्याने लिमाच्या स्पोर्तिंग क्रिस्टल क्लबला पेरूचे विजेतेपद मिळवून दिले. मग पेरूचा राष्ट्रीय संघ त्याच्या हाती आला. ज्या देशाला त्याने १९५७ मध्ये घरी बसवले होते, त्याच देशाला त्याने १९७० च्या विश्वचषकात नेले आणि तेही अर्जेंटिनाला बाहेर काढून. कुबियास, चुम्पितास, सोतिल अशा गरीब, काळ्या आणि आदिवासी मुळाच्या पोरांवर त्याने विश्वास टाकला. ३१ मे रोजी पेरूमध्ये महाभयंकर भूकंप झाला. सुमारे सत्तर हजार माणसे दगावली. दोनच दिवसांनी हा संघ मेक्सिकोत बल्गेरियाविरुद्ध उतरला. ०-२ असा मागे पडूनही त्याने ३-२ असा विजय खेचून आणला. उपांत्यपूर्व फेरीत समोर ब्राझील होता. डिडीचा संघ ४-२ असा हरला, पण मान खाली घालून नाही. त्या दिवशी ब्राझीलच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून झागालो बसला होता. १९५८ आणि १९६२ चे विश्वचषक त्याने डिडीच्या खांद्याला खांदा लावून जिंकले होते.

त्यानंतर डिडीने अर्जेंटिनात रिव्हर प्लेटची धुरा सांभाळली. तुर्कस्तानात फेनेरबाहचेला १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन लीग विजेतेपदे मिळवून दिली. १९७५ मध्ये तो पावडरवाल्या फ्लुमिनेन्सचाही प्रशिक्षक झाला. पुढे सौदी अरेबियातही त्याने शिकवले. राष्ट्रीय संघाचे बोलावणे मात्र आले नाही. १९७७ मध्ये ती जबाबदारी क्लाउदिओ कोतिन्यो या लष्करी अधिकाऱ्याकडे गेली. तो व्यायाम प्रशिक्षक म्हणून पुढे आला होता, व्यावसायिक फुटबॉलपटू कधीच नव्हता. कोतिन्यो अभ्यासू होता, हे मान्य. पण दोन विश्वचषकांचा धनी, तीन देशांत कसोटीला उतरलेला डिडी कुठे कमी पडत होता? नाकारण्याची कारणे व्यवस्था कधी कागदावर लिहून ठेवत नाही. ती फक्त दुसऱ्याला खुर्ची देते.

काळ्या माणसाच्या पायांना टाळ्या मिळतात, पण त्याच्या डोक्याला अधिकार मिळत नाही. नाचायला, गायला, पळायला, खेळायला तो चालतो. संघ निवडायला, डाव आखायला, हुकूम द्यायला चालत नाही. वास्तविक डिडी मैदानातही पायाने कमी आणि डोक्याने जास्त खेळला. स्वतः पळण्यापेक्षा चेंडूला पळवणे हेच त्याचे तंत्र होते. अशा बुद्धिमान माणसालाही घरच्यांनी निर्णयाच्या जागेपासून दूर ठेवले आणि परक्यांनी ती जागा सन्मानाने दिली.

१२ मे २००१ रोजी रिओमध्ये डिडीचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, १३ मेला, गुलामगिरी रद्द झाल्याचा ११३ वा स्मृतिदिन होता. बेड्या तुटून शतक उलटले होते. खुर्चीपर्यंतचा रस्ता मात्र तेव्हाही मोकळा झाला नव्हता. म्हणून डिडीच्या गोलांची आठवण काढताना त्याला न मिळालेल्या त्या खुर्चीचीही आठवण ठेवली पाहिजे. मैदानात प्रवेश मिळणे ही सुरुवात असते. निर्णय घेणाऱ्यांच्या रांगेत बसता आले, तरच समता आली म्हणायची.