फुलांचे चित्रकार आरा

मातीच्या सुरईत चार जास्वंदी आणि दोन झेंडू खोवून ठेवले, तर त्यांत चित्र काढण्याजोगे काय आहे, असे कोणालाही वाटेल. कर्जतजवळचे भिसेगाव घ्या किंवा दुसरे कोणतेही गाव घ्या, अशी फुले अंगणोअंगणी उमलतात आणि कोमेजून जातात. त्यांच्याकडे थांबून पाहणारे थोडे. अशा थोड्यांपैकी एक होते चित्रकार कृष्णाजी हौलाजी आरा.

आरांचा जन्म १९१४ साली हैदराबादजवळील बोलारम येथे झाला. त्यांचे वडील मोटार चालवीत असत. कृष्णा तीन वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले. घरात मुलाचे मन रमेना. अखेर वयाच्या सातव्या वर्षी त्याने घर सोडले आणि मुंबई गाठली. हैदराबादकडून येणारा लोहमार्ग बोरघाट उतरून, कर्जतवरून मुंबईला पोहोचतो. केवढी दूरची वाट ही! ज्या वयात मुले मोठ्यांचे बोट धरून शाळेत जातात, त्या वयात या मुलापुढे पोट कसे भरावे हा प्रश्न उभा राहिला.

मुंबईत त्याने घरगडी म्हणून काम केले, मोटारी धुतल्या, पुसल्या. दिवसभराच्या कष्टांनंतर जो वेळ उरे, तो मात्र तो चित्रे काढण्यात घालवी. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात या तरुणानेही उडी घेतली आणि पाच महिन्यांचा कारावास भोगला. सुटका झाल्यावर पुन्हा तेच कष्ट आणि पुन्हा तीच चित्रकला.

गुणांना पारखी भेटावा लागतो. आरांनाही तसे पारखी भेटले. कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हे दोघे त्या काळी मुंबईत राहत होते. त्यांनी आरांची चित्रे पाहिली आणि त्यांना उत्तेजन दिले. पुढे आरांनी केतकरांच्या कलाशाळेत काही काळ शिक्षणही घेतले.

१९४२ साली आरांच्या चित्रांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन मुंबईत भरले. मुलांनो, चित्रांच्या प्रदर्शनात प्रत्येक चित्राची किंमत ठरलेली असते. चित्र विकले गेले, की त्याजवळ एक लहानशी लाल टिकली लावतात. कलावंताचे डोळे त्या टिकलीकडे लागलेले असतात. कारण तिच्यावरच त्याची भाकर आणि पुढच्या चित्राचे रंग अवलंबून असतात. मोटारी धुऊन पोट भरणाऱ्या माणसाने आपली चित्रे विक्रीला मांडणे, हे मोठ्या धैर्याचे काम होते. आरांच्या कलेचे चीज झाले. १९४४ साली त्यांना गव्हर्नरांचे पारितोषिक लाभले.

१९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षी, सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे आणि आरा या सहा कलावंतांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ हा संघ स्थापन केला. जुन्या चाकोरीतून बाहेर पडून नवी वाट शोधावी, हा त्यांचा हेतू होता. आरांची वाट त्यांना फुलांत सापडली.

वस्तू डोळ्यांना दिसते तशी हुबेहूब न रेखाटता, ती पाहून मनात जी भावना उठते ती रंगांतून प्रकट करणे, या रीतीला अभिव्यक्तिवाद म्हणतात. युरोपात व्हिन्सेंट व्हॅन गॉग या चित्रकाराने १८८८ साली सूर्यफुले रंगवून या रीतीची वाट मोकळी केली. त्याच्या हयातीत त्याची चित्रे फारशी कोणी घेतली नाहीत. १८९० साली तो दारिद्र्यातच मरण पावला. त्याच्या सूर्यफुलांचे एक चित्र १९८७ साली लंडनच्या लिलावात सुमारे अडीच कोटी पौंडांना विकले गेले!

आरांची फुलेही अशीच भावनेने ओथंबलेली आहेत. पाकळ्या मोजून पाहाव्यात असा त्यांचा बारकावा नाही. रुंद कुंचल्याचे जोरकस फटकारे आणि उजळ रंग यांतून ती टवटवीत होतात. जलरंग एरवी पातळ करून वापरतात. आरा मात्र ते तैलरंगांसारखे दाट लावीत. त्यामुळे साध्या कागदावरील फुलांनाही भरीवपणा येई. त्यांनी फुलांप्रमाणेच फळे आणि भांडी यांचीही चित्रे काढली. दोन साध्या भांड्यांच्या वस्तुचित्राला १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. ज्या वस्तू घरातील नोकर रोज घासतो व पुसतो, त्याच वस्तूंना आरांनी चित्रात मानाचे स्थान दिले.

कीर्ती मिळाल्यावरही आरा आपले जुने दिवस विसरले नाहीत. मुंबईच्या आर्टिस्ट्स सेंटर या संस्थेचे चिटणीस म्हणून त्यांनी काम पाहिले आणि होतकरू चित्रकारांना मदतीचा हात दिला. आपणांस जसे पारखी भेटले, तसे आपणही इतरांचे व्हावे, हेच जणू त्यांनी आचरणातून दाखविले. १९८५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

अंगणातील फूल सायंकाळी सुकते. आरांनी रंगविलेली फुले मात्र आजही ताजी आहेत. त्यांना कष्टांचे खत आणि प्रेमाचे पाणी मिळाले आहे. मग ती सुकावीत कशी?