शंतनुराव आणि डिझेलचा थेंब

आय. सी. इंजिनच्या लॅबमध्ये ज्या सिंगल सिलिंडर डिझेल इंजिनावर रीडिंग घेतो, त्यावरचं किर्लोस्कर हे नाव आपण जर्नलमध्ये उतरवतो आणि विसरून जातो. त्या इंजिनामागचा माणूस म्हणजे शंतनुराव किर्लोस्कर.

जन्म २८ मे १९०३, सोलापूर. वडील लक्ष्मणराव. बेळगावात त्यांचं आधी सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली तेव्हा शंतनुराव जेमतेम सात वर्षांचे. १९२६ ला ते अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकलची डिग्री घेऊन परत आले, आणि काम कुठे? तर वाडीच्याच कारखान्यात! (आपल्यातले किती जण असं करतील, हात वर करा.)

तेव्हा विहिरीचं पाणी बैलांच्या मोटेनं निघायचं. वाडीत पंप बनत होते, पण गावात वीज नाही, मग पंप फिरवणार कोण? साताऱ्याला कूपर कंपनी डिझेल इंजिनं आधीपासून करत होती, तरी शंतनुरावांनी १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली. दोनच वर्षांनी गांधीहत्येनंतरच्या दंगलीत वाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. एकीकडे स्वतःचा कारखाना उभा राहतोय, दुसरीकडे वडिलांचा जळतोय. वाडी पुन्हा उभी राहिली आणि खडकीही थांबली नाही.

आता यात एवढं अवघड काय? डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. त्यांच्या एव्ही-१ मध्ये (५ हॉर्सपॉवर, ८० मिमी बोअर, ११० मिमी स्ट्रोक) हवा सोळापटीच्या वर दाबली जाते, तापमान ५०० अंशांच्या पुढे जातं आणि त्यात नॉझल सुमारे २०० बारनं डिझेल फवारतं. थेंब मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा. तो थेंब म्हणून जळत नाही बरं का. आधी तापतो, त्याची वाफ होते, ती हवेत मिसळते आणि मग पेट घेते. १५०० आरपीएमला क्रँक एक अंश फिरतो तो सेकंदाच्या नऊ हजाराव्या भागात, म्हणजे सगळा खेळ चार-पाच मिलिसेकंदांत आटपायचा. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की तो संपायला साधारण चौपट वेळ लागतो! नॉझल झिजलं, थेंब जाडे झाले, की काळा धूर. तुंगार्लीच्या चढावर एखादा जुना ट्रक सोडतो तसा. शेतकऱ्याचे पैसे पाण्याऐवजी आभाळात. आणि असलं नाजूक यंत्र धुळीत, ज्यानं मोटेपलीकडे काही चालवलं नव्हतं त्याच्या हाती द्यायचं होतं. मला विचाराल तर शंतनुरावांचं खरं इंजिनिअरिंग इथे आहे, पुरस्कारांच्या यादीत नाही.

पुढे १९६२ साली अमेरिकेच्या कमिन्सबरोबर पुण्यातच मोठ्या इंजिनांची कंपनी काढली, १९६५ ला पद्मभूषण मिळालं. २४ एप्रिल १९९४ ला ते गेले. तोवर मोट बहुतेक विहिरींवरून उतरली होती. आणि कितीतरी ठिकाणी तिच्या जागी आलेलं इंजिनही विजेच्या मोटरनं बाजूला सारलं होतं.