पंढरीचे दार उघडणारे साने गुरुजी

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या पायथ्याशी संत चोखामेळ्याची समाधी आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांची वारी शतकानुशतके येथेच थांबत असे. संतपद मिळूनही चोखोबा उंबऱ्याबाहेर राहिले, तसेच त्यांचे जातभाईही. ही मर्यादा ओलांडली गेली ती मे १९४७ मध्ये, आणि त्यासाठी साने गुरुजींनी आपले प्राण पणाला लावले होते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगडचा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये त्यांनी सहा वर्षे अध्यापन केले. वसतिगृहातील मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, त्यांचे कपडे धूत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरवून घेतली, तर पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. हा तपशील बहुतेकांना ठाऊक असतो. पंढरपूरच्या उपोषणाची आठवण मात्र त्या मानाने कमी काढली जाते.

उपोषणाचा निर्धार त्यांनी १९४६ च्या अखेरीसच केला होता. सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे ते पुढे ढकलले आणि मधले महिने महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापट सोबत होते. गावोगावी विहिरी आणि देवळे खुली होत गेली. पंढरपूर मात्र बधेना. अखेर १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. चुकीच्या माहितीच्या आधारे खुद्द गांधीजींनी ते थांबविण्याची तार केली. गांधीजींना दैवत मानणाऱ्या गुरुजींनी ती नम्रपणे नाकारली. दादासाहेब मावळंकर यांनी पंढरपुरात येऊन बडव्यांशी बोलणी केली. बडव्यांची संमती मिळाली आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. काळाराम मंदिराचा सत्याग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० मध्येच आरंभला होता आणि १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा करून त्यांनी मंदिरप्रवेशाचा मार्ग मागे टाकला होता. त्यामुळे गुरुजींचे उपोषण म्हणजे दलितांवर केलेला उपकार, असे मानणे अन्यायाचे ठरेल. गुरुजींच्या लेखी ते सवर्णांचे प्रायश्चित्त होते. ज्याने दार लावून घेतले त्याचा देव आधीच हरवला आहे, ही त्यांची धारणा होती. म्हणूनच बडव्यांना शत्रू ठरविण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले.

हीच वृत्ती पुढल्या वर्षी अधिक कठोर कसोटीला लागली. गांधीजींची हत्या एका मराठी माणसाने केली, याचे शल्य त्यांना असह्य झाले. महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली जात असतानाच्या त्या काळात त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही आंतरभारतीची कल्पनाही त्यांचीच. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली.

पंढरपुरातील बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपुष्टात आले. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागविले.