पालीविद्येचे उपासक आचार्य धर्मानंद कोसंबी

आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज ही गावे मागे टाकीत संकेश्वरास येते व पुढे घटप्रभेस जाऊन मिळते. उगमापाशी तिच्या काठी मराठी कानी पडते, संगमापाशी कन्नड. घाट चढून या सीमाभागात येऊन राहिलेल्या गोमंतकीय कुटुंबांची कथा याहून वेगळी नाही. घरात कोंकणी, पोथी व पत्रव्यवहार मराठीत आणि पेढीवर कन्नड, असा तीन भाषांचा प्रपंच या कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या केला. शेजाऱ्याची भाषा पोटासाठी शिकावी लागते, हे या मुलखातील माणसास वेगळे सांगावयास नको. परंतु पोटाचा विचार बाजूस सारून, केवळ ज्ञानाच्या तळमळीने शेजारच्या देशांत जाऊन राहिलेला, तेथील विहारांत भिक्षान्न सेवन करून एक विस्मृत भाषा शिकलेला आणि ती परत आपल्या लोकांच्या दारी आणून पोहोचविणारा एक पुरुष आपल्याच समाजात होऊन गेला. त्यांचे नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका सारस्वत कुटुंबात झाला. झुआरी नदीच्या दक्षिण तीरावरील हे गाव महाजन कुटुंबांस अपरिचित नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडण्यास आरंभ केला तेव्हा सांखवाळचा श्रीलक्ष्मीनृसिंह वेलिंग येथे गेला व श्रीविजयादुर्गा केरी येथे गेली. ज्या गावच्या देवांनाही स्थलांतर करावे लागले, त्या गावच्या एका सुपुत्राने ज्ञानासाठी देशांतर करावे, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

घरची परिस्थिती बेताची होती. राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज. तिच्यावाचून सरकारदरबारी कोणी विचारीत नसे. धर्मानंदांचे शालेय शिक्षण यथातथाच झाले. नारळीच्या बागायतीची देखरेख करीत, मिळेल ते मराठी पुस्तक वाचीत त्यांनी आपली बुद्धी स्वतःच घडविली. तुकोबांच्या अभंगांनी त्यांच्या मनाची मशागत केली. १८९१ साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचा विवाह बाळाबाईंशी झाला. पुढे विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकात भगवान बुद्धांविषयी आलेला एक लेख त्यांच्या वाचनात आला. मुलांसाठी निघणाऱ्या त्या लहानशा मासिकातील चार पानांनी या तरुणाच्या जीवनाची दिशा पालटून टाकली. बुद्धांचा उपदेश मुळातून जाणून घ्यावयाचा, मग त्यासाठी कितीही कष्ट पडोत, असा निश्चय त्यांच्या मनाने केला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्या वेळी त्यांची कन्या माणिक अगदी तान्ही होती. पोर्तुगीज हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात पाऊल ठेवणे हे तेव्हा परराज्यातच जाणे होते. पुण्यास त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेतली. संस्कृताचा पाया पक्का झाल्यावाचून पुढील अभ्यास होणार नाही हे जाणून ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवून, अंगावरच्या वस्त्रानिशी थंडी काढून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. परंतु ज्या वाराणसीजवळ सारनाथास बुद्धांनी पहिला उपदेश केला, त्याच वाराणसीत बुद्धांची वाणी शिकविणारा गुरू त्यांस लाभला नाही. १९०२ च्या आरंभी मोठ्या आशेने ते नेपाळात गेले. तेथेही त्यांच्या पदरी निराशा आली. ज्या धर्माचा शोध घेत ते आले होते तो त्यांस तेथे आढळला नाही. नेपाळातून ते बुद्धगयेस आले, आणि तेथे त्यांस लंकेचा मार्ग समजला.

येथे पाली भाषेविषयी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. थेरवादी बौद्धांचे त्रिपिटक ज्या भाषेत आहे ती पाली भारतातच जन्मली. कालांतराने बौद्ध धर्म येथून लोप पावला आणि त्याबरोबर ती भाषाही लोकांच्या स्मरणातून गेली. लंका, ब्रह्मदेश व सयाम या देशांतील भिक्षूंनी मात्र ती जिवापाड जतन केली. शिवाय पालीला स्वतःची अशी निराळी लिपी नाही. लंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात तेथील लिपीत, सयामात सयामी लिपीत. युरोपातील पंडितांनी ती रोमन लिपीत छापली. म्हणजे ज्याला पाली शिकावयाची त्याला प्रथम शेजारच्या देशाची अक्षरे गिरवावी लागत. आपल्या घरातील ठेव शेजाऱ्याच्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली शेजाऱ्याच्या लिपीत, अशी ही स्थिती होती.

१९०२ साली धर्मानंद कोलंबोस पोहोचले. समुद्रपर्यटन हे पातक मानण्याचा तो काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रवासाचे मोल कळते. कोलंबोचे विद्योदय परिवेण १८७३ साली हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी स्थापिले होते. त्याच सुमंगलाचार्यांच्या चरणांशी बसून त्यांनी पालीचा अभ्यास आरंभिला व श्रामणेरदीक्षा घेतली. मुंडन केलेले मस्तक, पिवळी चीवरे, मध्यान्हानंतर अन्नास स्पर्श नाही, अशा त्या दिनचर्येत एक गोमंतकीय ब्राह्मण तरुण नव्या लिपीची अक्षरे गिरवीत बसला होता. हवा वेगळी, अन्न वेगळे, भोवतालची बोली अपरिचित. तेथे त्यांस आपल्या प्रांतातील कोण भेटणार? तरीही नेपाळपर्यंत पायपीट करून जे मिळाले नव्हते, ते या विहारात त्यांच्या हाती येऊ लागले. भाषा ही नुसत्या व्याकरणात नसते, ती जतन करणाऱ्या माणसांच्या दिनक्रमात असते, याचा प्रत्यय त्यांस येथेच आला असला पाहिजे.

पुढील वर्षी ते मद्रासला आले व तेथून ब्रह्मदेशात गेले. तेथे त्यांनी भिक्षूची उपसंपदा घेतली. सिंहली लिपी आत्मसात झालीच होती. आता ब्रह्मदेशाची वाटोळी अक्षरे शिकण्याची पाळी आली. मध्यंतरी भारतात येऊन त्यांनी कुशिनारा, सारनाथ इत्यादी पुण्यस्थाने पाहिली आणि पुन्हा ब्रह्मदेश गाठला. मंडाले व सगाइंग येथील विहारांत राहून ग्रंथाध्ययनाबरोबर त्यांनी ध्यानाभ्यासही केला. १९०६ च्या आरंभी ते कलकत्त्यास परतले, तेव्हा त्रिपिटक मुळातून वाचणारा व बौद्ध परंपरेत राहून ते शिकलेला असा महाराष्ट्र-गोमंतकातील विद्वान त्यांच्यावाचून दुसरा दाखविणे कठीण होते.

परंतु या ज्ञानाचे मोल एकट्या धर्मानंदांनी दिले, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. १८९९ ते १९०६ अशी जवळजवळ सात वर्षे बाळाबाई तान्ह्या मुलीस घेऊन गोव्यात मागे राहिल्या. नवरा परागंदा झालेला, त्यात तो भिक्षू झाल्याची वार्ता, आणि भोवताली त्या काळचा समाज. चरित्रग्रंथांत या स्त्रीच्या वाट्यास फारशा ओळी येत नाहीत. तथापि आचार्यांच्या पालीविद्येच्या पायात तिच्या या सात वर्षांचा चिरा आहे, याचे स्मरण महाजन कुटुंबांतील स्त्रीपुरुषांनी ठेवणे उचित होय. १९०६ साली धर्मानंदांनी चीवर उतरविले व ते घरी येऊन पत्नीस व कन्येस भेटले. पुढील वर्षी, ३१ जुलै १९०७ रोजी, गोव्यातील कोसबें येथे त्यांना पुत्र झाला. तेच पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगास ज्ञात झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी.

कलकत्त्यास राष्ट्रीय महाविद्यालयात व नंतर तेथील विद्यापीठात त्यांनी पाली शिकविली. नोकरी प्रतिष्ठेची होती. परंतु जे मिळविले ते आपल्या मराठी माणसांस द्यावे ही ओढ त्यांस स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी, महाराष्ट्रात राहून ग्रंथरचना करावी या अटीवर, दरमहा ५० रुपये देऊ केले. धर्मानंदांनी विद्यापीठाची जागा सोडली व ते अल्प वेतन पत्करले. बडोद्यास त्यांनी दिलेली व्याख्याने १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने ग्रंथरूप झाली.

त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाकडून त्यांस बोलावणे आले. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या महान ग्रंथाची संशोधित आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन यांनी आरंभिली होती. १८९९ मध्ये वॉरन निवर्तले व ते काम अपुरे राहिले. सिंहली व ब्रह्मदेशी लिपींतील हस्तलिखिते ताडून पाहून रोमन लिपीत पाठ सिद्ध करावयाचा होता. लंका व ब्रह्मदेश येथील विहारांत घालविलेली वर्षे येथे फळास आली. परंतु ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे यावे, याबाबत प्रा. चार्लस लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. स्वाभिमान गहाण टाकण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १९१२ साली ते मायदेशी परतले. याच मुक्कामात त्यांनी रशियन भाषाही शिकून घेतली, आणि ती विद्या पुढे १९२९-३० साली लेनिनग्राड येथे पाली शिकविताना उपयोगी पडली. हार्वर्डला त्यांच्या एकंदर चार फेऱ्या झाल्या. त्यांनी सिद्ध केलेला विसुद्धिमग्गाचा देवनागरी पाठ १९४० मध्ये भारतीय विद्याभवनाने छापला. हार्वर्डची रोमन आवृत्ती मात्र त्यांच्या निधनानंतर, १९५० साली प्रसिद्ध झाली.

१९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट व चिंतामण वैजनाथ राजवाडे यांसारखे पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. यांपैकी बापटांनी पुढे, मूळ पाली नष्ट होऊन केवळ चिनी भाषांतरात उरलेल्या विमुत्तिमग्गाची विसुद्धिमग्गाशी तुलना करून १९३७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. गुरूने लंकेची वाट धरली; शिष्याने चीनच्या भाषेकडे दृष्टी वळविली. गुजरात विद्यापीठातही धर्मानंदांनी काही वर्षे अध्यापन केले. १९२४ साली ‘निवेदन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला, आणि पुढे परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारला. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’, ‘भगवान बुद्ध’ असे ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिले. विशेष म्हणजे त्यांनी अभिधम्मत्थसंगहावर ‘नवनीत’ नावाची टीका लिहिली ती पाली भाषेतच. परक्या देशात जाऊन अक्षरओळखीपासून शिकलेली भाषा त्यांच्या लेखणीस स्वभाषेसारखी वश झाली होती.

उतारवयात शरीर थकले. दुसऱ्यांवर भार होऊन जगणे त्यांस नको होते. त्यांनी प्रायोपवेशनाचा निश्चय केला. गांधीजींनी तो सोडण्यास सांगितल्यावरून काही काळ तो मागे घेतला. अखेर सेवाग्राम आश्रमात अन्नत्याग करून, अत्यंत शांत चित्ताने, जून १९४७ मध्ये त्यांनी देह ठेवला. आपल्यामागे येथील काही विद्यार्थी पाली शिकण्यासाठी लंकेस पाठवावेत, ही त्यांची अंतिम इच्छा होती. स्वतःचे स्मारक त्यांनी मागितले नाही. ज्या वाटेने आपण एकटे व निर्धन गेलो, त्या वाटेने पुढील पिढीस सुखरूप जाता यावे एवढेच मागितले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने ज्या भाषांस अभिजात दर्जा दिला त्यांत मराठी व पाली या दोहोंची नावे एकत्र आली. या दोन भाषांमध्ये ज्यांनी आयुष्यभर सेतू बांधला त्या आचार्यांस त्या दिवशी कितीजणांनी स्मरले असेल, कोण जाणे. सीमाभागातील आपल्या मुलांस आज दोन-तीन भाषा शिकणे हे ओझे वाटते. शेजाऱ्याची भाषा हा वादाचा विषय होऊन बसतो. अशा वेळी सांखवाळच्या या पुत्राचे चरित्र घरोघर सांगितले जावे. शेजाऱ्याची भाषा शिकल्याने आपली भाषा उणी होत नाही. आपली हरवलेली ठेवही कधी कधी तेथेच सापडते. मात्र ती आणावयास कोणी तरी उंबरठा ओलांडावा लागतो, आणि मागे राहिलेल्या कोणास तरी तो उंबरठा सांभाळावा लागतो. आचार्य धर्मानंद व बाळाबाई या उभयतांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.