कै. पार्वतीबाई आठवले

पार्वतीबाईंचा जन्म १८७० सालचा, कोकणात देवरुखचा. ऐन विशीत वैधव्य आले. पदरी एक मुलगा. लिहिणे-वाचणे त्या शिकल्या त्यानंतर, बहिणीचे यजमान अण्णासाहेब कर्वे यांच्या आधाराने. पुढे हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमासाठी गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी वर्गणी जमविली. केशवपन केलेली बाई सभेत उभी राहून बोलते, याचेच लोकांना नवल! १९१२ साली त्यांनी केस राखले.

मला थोर वाटते ते त्यापुढचे. इंग्रजीवाचून काम अडते, म्हणून १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बाई अमेरिकेस गेल्या. या वयात मी मुळाक्षरे गिरवू लागले तर घरची मुलेच हसतील! आश्रमाच्या सुपरिंटेंडेंट असलेल्या बाईंनी तिकडे परक्या घरी मोलकरणीचे काम केले आणि भाषा शिकल्या. परतल्या त्या पुन्हा वर्गणीच्याच कामाला लागल्या.